पन्नाशीच्या आसपासची मरगळ, चिडचिड आणि टेस्टोस्टेरॉनचा रिपोर्ट

मूळ धागा : तराजू

फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजात हल्ली टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक (हार्मोन), असतंच. त्या आकड्यासमोर खाली वळलेला बाण दिसला की पंचेचाळिशी-पन्नाशीतला माणूस दोन-तीन वर्षांचं सगळं त्या बाणाच्या नावावर लावून टाकतो. सकाळी उठवत नाही, कामात जीव रमत नाही, मुलांवर उगाच ओरडणं होतं, बायकोजवळ जावंसं वाटत नाही. बाण खरा असू शकतो. पण या सगळ्याचं कारण तोच असेल असं नाही. रिपोर्ट हातात आल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, यासाठी हा धागा.

आधी एक फरक स्पष्ट करू. बायकांची पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक काही वर्षांत झपकन उतरतं. पुरुषांत तसं होत नाही. तिशी-चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन साधारण वर्षाला १ टक्क्याच्या आसपास उतरतं, आणि बहुतेकांचं सत्तरीतही पुरेसं असतं. म्हणून 'पुरुषांचा मेनोपॉज' हा शब्द फसवा आहे. युरोपातल्या ४० ते ७९ वयाच्या पुरुषांवरचा मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लक्षणं आणि आकडा दोन्ही धरून खरी कमतरता निघाली सुमारे २ टक्क्यांत. त्यात आकड्याशी पक्की जुळलेली लक्षणं तीनच होती : पहाटेची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न टिकणं. थकवा, उदासी, झोप बिघडणं यांचा संबंध फार सैल निघाला, कारण ही लक्षणं इतर पंधरा कारणांनीही येतात.

म्हणून माझा क्रम असा : चाचणी नीट करून घ्या, ती पुन्हा करा, आणि त्याच आठवड्यात मनाची तपासणी स्वतंत्रपणे करा. एकीच्या निकालासाठी दुसरी अडवून ठेवू नका.

प्रतिसाद : रक्तरेषा

चाचणी 'नीट' म्हणजे काय ते सविस्तर लिहिते, कारण निम्मा घोळ इथेच होतो.

सॅम्पल सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, रात्रभर उपाशी पोटी. टेस्टोस्टेरॉन पहाटे सर्वांत जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. त्यात ग्लुकोज किंवा भरपेट नाश्ता पोटात गेला तर आकडा आणखी पाव हिश्शापर्यंत खाली जाऊ शकतो. घरी सॅम्पल घ्यायला येणारा मुलगा साडेअकराला उगवतो, तोवर पोहे आणि दोन चहा झालेले असतात, आणि रिपोर्ट येतो २६०. त्या २६० ला काही अर्थ नाही. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात 'कलेक्टेड' आणि 'रिपोर्टेड' अशा दोन वेळा छापलेल्या असतात. त्यातली पहिली बघा. रात्रपाळीवाल्यांनी घड्याळ न बघता झोपून उठल्यावर दोन-तीन तासांत सॅम्पल द्यावं.

डेंग्यू, ऑपरेशन, मोठा ताप यातून नुकतंच उठलेल्याने दीड-दोन महिने थांबावं. आजारपणात शरीर हे उत्पादन आपणहून कमी करतं.

केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सॅम्पलच्या दोन-तीन दिवस आधी बंद करा. अनेक लॅबच्या मशीनमधल्या रसायनात बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) खोटं उतरलेलं दिसू शकतं. म्हणजे खरी कमतरता झाकली जाईल आणि थायरॉइडचा भलताच आजार चिकटेल.

आणि एकक बघा. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि १०.४ नॅनोमोल प्रति लिटर हे तिन्ही एकच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'सहा महिन्यांत ३०० वरून १० वर आलं' म्हणून घाबरू नका.

पहिला आकडा कमी आला तर तीच चाचणी, त्याच लॅबमध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मधे दोन-तीन आठवडे गेले तरी चालेल. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तरच पुढचं बोलायचं (या धाग्यातले बाकीचे आकडेही याच एककात). काही डॉक्टर २६४ ही रेषा धरतात. दोन्ही मान्य मार्गदर्शक तत्त्वांतल्याच आहेत.

प्रतिसाद : कोकणकडा

टोटल कमी पण फ्री नॉर्मल, किंवा उलटं असेल तर कोणता धरायचा?

प्रतिसाद : तराजू

@कोकणकडा, प्रश्न नेमका आहे. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन दोन प्रथिनांना बांधलेलं असतं. एक एसएचबीजी, ज्याची पकड घट्ट, आणि दुसरं अल्ब्युमिन, ज्याची सैल. मोकळं राहतं २-३ टक्के. पोट सुटलेल्या किंवा मधुमेही माणसात एसएचबीजी कमी असतं, त्यामुळे टोटल कमी दिसतं पण मोकळा भाग ठीक असू शकतो. वय वाढलं, यकृताचा आजार असला किंवा थायरॉइड जास्त चालत असलं तर एसएचबीजी वाढतं. मग टोटल दिसायला छान आणि मोकळं मात्र अपुरं.

लॅब 'फ्री टेस्टोस्टेरॉन' म्हणून जी स्वस्त थेट चाचणी देते ती भरवशाची नाही. टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन हे तीन आकडे घेऊन सूत्राने काढलेलं फ्री टेस्टोस्टेरॉन धरायचं. टोटल २०० ते ४०० च्या पट्ट्यात असेल तेव्हाच एसएचबीजीवर पैसे खर्च करा. १२० किंवा ६०० असेल तर गरज नाही.

दोनदा कमी आल्यावर पुढची पायरी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीची संप्रेरकं. एलएच वाढलेलं असेल तर बिघाड वृषणात आहे. पीयूषिका वरून हाका मारते आहे आणि खालून उत्तर नाही, असा त्याचा अर्थ. एलएच कमी किंवा 'नॉर्मल' असेल तर वरूनच हाक येत नाहीये. पन्नाशीत बहुतेकदा हा दुसरा प्रकार असतो आणि त्यामागे वजन, अपुरी झोप, साखर, दारू किंवा एखादं औषध निघतं. पण टेस्टोस्टेरॉन १५० च्या खाली असेल, प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल, सतत डोकं दुखत असेल किंवा बाजूचं दिसेनासं झालं असेल, तर पीयूषिकेचा एमआरआय. तो टाळू नये.

प्रतिसाद : मनमोकळं

आता मनाकडे येऊ. इथे जास्त थांबणार आहे, कारण रक्ताच्या बाटल्या भरणारे लोक या भागाला पाच मिनिटंही देत नाहीत.

पुरुषांतलं नैराश्य रडवेलं असेलच असं नाही. ते पुष्कळदा रागाच्या रूपात येतं. सिग्नलला हॉर्न वाजला की भांडण, जेवणात मीठ कमी म्हणून ताट सरकवणं, रात्री एकट्याने वाढत गेलेले पेग, सुट्टीच्या दिवशी मोबाइल घेऊन पडून राहणं. विचारलं तर उत्तर येतं, 'काही नाही, दमलोय.' घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची तपासणी मराठीत मोफत मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र, २० किंवा अधिक तीव्र. १० किंवा अधिक आले तर डॉक्टरांकडे जायचं, टेस्टोस्टेरॉनचा आकडा काहीही असो. आकडा ६०० असला म्हणून नैराश्य नाही असं होत नाही, आणि २५० असला म्हणून नैराश्याचे उपचार थांबवायचे नसतात.

यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं तर बाकीची बेरीज बघायची नाही, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. देशात २०२२ साली १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत दहातले सात पुरुष होते. 'विचारलं तर त्याच्या डोक्यात भरवल्यासारखं होईल' ही भीती चुकीची आहे. थेट विचारावं : 'मरून जावं असं मनात येतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?' उत्तर हो असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही. शेतकरी घरात फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. ही ओढ बहुतेकदा काही तासांची असते, आणि तेवढे तास साधन हाताशी नसणं जीव वाचवतं.

गोळ्यांबद्दल. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला ६ ते ८. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थता वाढते आणि तिथेच बरेच जण सोडतात. बरं वाटायला लागल्यावरही निदान ६ महिने चालू ठेवायच्या आणि उतरवत उतरवत बंद करायच्या. या गोळ्यांनी इच्छा कमी होते किंवा वीर्यपतन लांबतं, हे खरं आहे आणि लाजून लपवायचं नाही. डॉक्टर मात्रा बदलू शकतात, किंवा बुप्रोपिऑन, मिर्टाझापिनसारखं औषध देऊ शकतात, ज्यात हा त्रास कमी असतो.

प्रतिसाद : सह्यवारा

थोडा मतभेद. टेस्टोस्टेरॉन दिल्याने मन सुधारतं असे अभ्यास आहेत. २०१९ साली २७ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात उदासीची लक्षणं घटलेली दिसली. मग इतकं हात राखून का बोलायचं?

प्रतिसाद : तराजू

@सह्यवारा, ते विश्लेषण मी नाकारत नाही. पण त्या २७ चाचण्यांत मिळून १,८९० पुरुष होते, म्हणजे बहुतेक चाचण्या छोट्या. काहींत मात्रा मोठ्या होत्या आणि आजारांची सरमिसळ होती. ६५ वर्षांपुढच्या, आकडा २७५ च्या खाली असलेल्या ७९० पुरुषांवरची अमेरिकी चाचणी २०१६ साली आली. तिच्यात संबंधांची इच्छा आणि क्षमता बऱ्यापैकी सुधारली, मन किंचित सुधारलं, चैतन्याच्या मुख्य मोजमापात ठोस फरक पडला नाही. माझं मत असं : दोनदा सिद्ध झालेली कमतरता आणि वर सांगितलेली लक्षणं असतील तर उपचार घ्यावा, मनाला त्याचा थोडा हातभारही लागेल. पण आकडा ३५० आणि पीएचक्यू-९ चे गुण १६ असलेल्या माणसाला इंजेक्शन देणं म्हणजे त्याचे सहा महिने वाया घालवणं. नैराश्यात सहा महिने फार मोठे असतात.

प्रतिसाद : औषधपेटी

उपचार ठरलाच तर काय काय असतं आणि कुठे चुकतं :

२५० मिलिग्रॅमचं एनॅन्थेट इंजेक्शन साधारण दोन-तीन आठवड्यांनी. पहिल्या काही दिवसांत पातळी गरजेच्या वर उडी मारते आणि शेवटच्या आठवड्यात जमिनीवर येते. मनही तिच्यासोबत वर-खाली होतं. घरचे म्हणतात 'इंजेक्शन घेतलं की चार दिवस माणूस वेगळाच', तो हा प्रकार. तपासणी दोन इंजेक्शनांच्या बरोबर मध्यावर करायची.

१००० मिलिग्रॅमचं अनडेकॅनोएट इंजेक्शन ४ मिलिलिटर जाड तेलात असतं. पहिलं, सहा आठवड्यांनी दुसरं, पुढे १० ते १४ आठवड्यांनी. ते कुल्ल्याच्या स्नायूत खोल आणि सावकाश, साधारण दोन मिनिटं घेऊन द्यावं लागतं. घाईत दिलं तर तेलाचे कण फुप्फुसात जाऊन खोकल्याची उबळ आणि धाप लागू शकते. म्हणून टोचून झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसायचं. तपासणी पुढच्या डोसच्या आधी.

जेल रोज सकाळी, आंघोळीनंतर, कोरड्या खांद्या-दंडावर. पाच मिनिटं वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, वर बाहीचा शर्ट. ओल्या जेलच्या खांद्यावर लहान मूल झोपलं तर औषध त्याच्या अंगात जातं आणि त्याच्यात अकाली वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

४० मिलिग्रॅमच्या तोंडी कॅप्सूल जेवणातल्या तेला-तुपासोबतच शोषल्या जातात. रिकाम्या पोटी किंवा नुसत्या चहाबरोबर घेतल्या तर जवळजवळ फुकट.

सुरू करण्याआधी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा हिस्सा) आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी), पुन्हा ३ ते ६ महिन्यांत, नंतर दरवर्षी. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवतात, कारण रक्त घट्ट होतं. वर्षभरात पीएसए १.४ पेक्षा जास्त वाढलं तर यूरोलॉजिस्ट. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेटवरच्या किंवा केसगळतीवरच्या गोळ्या) चालू असेल तर पीएसए निम्मं दिसतं, तेव्हा दुप्पट करून वाचायचं. प्रोस्टेटचा कॅन्सर, नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, उपचार न केलेला तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) असेल तर हे औषध नको.

मूल हवं असेल तर अजिबात नको. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की वरची हाक बंद होते आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. परत यायला सहा महिने ते दोन वर्षं. दुसऱ्या लग्नातल्या पंचेचाळिशीच्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

२०२३ च्या मोठ्या चाचणीत, ५,२०० हून अधिक पुरुषांत, हार्ट अटॅक-पक्षाघात वाढले नाहीत. ती दिलासा देणारी गोष्ट आहे. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या थोड्या जास्त दिसल्या, पुढच्या विश्लेषणात हाडं मोडण्याचं प्रमाणही.

प्रतिसाद : पाणवठा

शिलाजित, अश्वगंधा आणि 'मर्दानी ताकद'च्या पुड्या?

प्रतिसाद : औषधपेटी

@पाणवठा, अश्वगंधेने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद झाली तर लगेच बंद. निनावी पुड्यांत चोरून सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं सापडतं. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने अशी पुडी घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

आणि ताठरतेची तक्रार नव्याने सुरू झाली असेल तर हृदयाची तपासणी करा. लिंगातल्या रक्तवाहिन्या १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या. चरबी साचली की बारीक नळी आधी अडते. ही तक्रार छातीच्या दुखण्याच्या तीन-चार वर्षं आधी येऊ शकते.

प्रतिसाद : रक्तरेषा

टेस्टोस्टेरॉनच्याच सॅम्पलमध्ये हेही करून घ्या : हिमोग्लोबिन, टीएसएच, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताच्या चाचण्या, बी-१२. शाकाहारी, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल, हा त्रिकोण जुळला की बी-१२ खाली असण्याची शक्यता चांगलीच वाढते, आणि त्याची मरगळ हुबेहूब हीच.

प्रतिसाद : अबोली

घरच्यांसाठी. 'तुम्हाला डिप्रेशन आहे' असं म्हटलं की दार बंद होतं. दिसलेलं सांगा : 'गेले दोन महिने तुम्ही रात्री तीनला उठून हॉलमध्ये बसता. मंगळवारच्या भजनालाही गेला नाहीत. बीपी तपासायला जाऊ तेव्हा हेही डॉक्टरांच्या कानावर घालू.' समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा गाडीत शेजारी बसून विचारलं तर पुरुष जास्त बोलतात. आणि घोरण्याकडे लक्ष द्या. घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून मोठा श्वास येतो, हे बायकोलाच दिसतं. दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आणि असं घोरणं असेल तर झोपेची तपासणी आधी. तरुण पुरुषांना आठवडाभर पाचच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलेलं एका प्रयोगात दिसलं आहे.

प्रतिसाद : दंडबैठक

अबोलीताईंना अनुमोदन. वजनाचं पुढे लिहितो. पोटाच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, ते वरची हाक दाबतं, मग स्नायू घटतात आणि चरबी वाढते. हे चक्र तोडायला कंबर ९० सेंटिमीटरच्या खाली आणायचं ध्येय ठेवा. टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड : खुर्चीवर बसून उठणे किंवा बैठका, ओट्याला हात टेकून जोर, पाण्याचे ५ लिटरचे कॅन कमरेतून वाकून पोटाकडे ओढणे. प्रत्येकी ८ ते १२ चे तीन फेरे, मधे एक-दीड मिनिट. १२ सहज व्हायला लागले की वजन वाढवा. नुसतं चालणं मनाला चांगलं, पण स्नायूंसाठी ओझं लागतं. प्रथिनं दर किलोमागे १ ग्रॅमच्या थोडी वर. सत्तर किलोच्या माणसाला ७० ते ८०. वाटीभर वरणात ६-७, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरात १८. दोन भाकऱ्या-भाजी आणि पातळ आमटीवर ही बेरीज होत नाही, लिहून बघा.

मन पार खचलेलं असताना 'वाटलं की करीन' हे चालत नाही, कारण वाटतच नाही. वेळ ठरवा. सव्वासातला चपला पायात, दहा मिनिटं, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. केल्यावर वहीत ० ते १० मध्ये मनाचा अंक लिहा, करण्याआधीचाही. दोन आठवड्यांनी त्या दोन रकान्यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

दारूचं गणित : ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल, ६५० मिलीच्या स्ट्राँग बिअरमध्ये जवळजवळ ४०. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा चार पेग घेत असतो. रोजच्या पिणाऱ्याने एकदम तोडू नये. हात थरथरणं, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवावी.

प्रतिसाद : कोकणकडा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांकडे दहा मिनिटं मिळतात. त्यात एवढं कसं मांडायचं?

प्रतिसाद : तराजू

@कोकणकडा, अर्ध्या पानाची चिठ्ठी न्या, तोंडी सांगू नका. नमुना देतो :

'वय ४९. आठ महिन्यांपासून पहाटेची ताठरता आठवड्यातून एकदा, पूर्वी जवळजवळ रोज. इच्छा कमी. पीएचक्यू-९ : १३, नववा प्रश्न ०. झोप साडेपाच तास, घोरणे आहे, व्हिडिओ सोबत. कंबर १०१. टेस्टोस्टेरॉन २७१ आणि २८८, दोन्ही सकाळी ८ च्या आत, उपाशी पोटी. चालू औषधे : मेटफॉर्मिन, पॅन्टोप्राझोल. दारू आठवड्याला ६ पेग. मूल आता नको आहे.'

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि चिठ्ठीची एक प्रत घरी ठेवा, तीन महिन्यांनी दुसरी लिहाल तेव्हा शेजारी लावता येईल.